मैदानावर आडवं काय येतं : केस की आपला नियम?



जून महिना आला की शाळेत शिस्तीची यादी फळ्यावर लागते. गणवेश, बूट, कापलेली नखं, वह्यांना कव्हर, आणि मुलांसाठी एक हमखास ओळ : 'केस बारीक कापलेले असावेत.' वर्षभर ही ओळ तशी झोपलेलीच असते. पावसाळा सरत आला, तालुक्याच्या क्रीडा स्पर्धांचं वेळापत्रक आलं, की मात्र ती जागी होते. मग मैदानावर रांग लागते, सर एकेकाची मान वळवून बघतात, आणि दोन-चार मुलं रांगेतून बाहेर काढली जातात.

आज मला या ओळीबद्दल लिहायचं आहे. विषय तुम्हाला किरकोळ वाटेल. मलाही बरीच वर्षं तसाच वाटत होता.

आठवीतला एक मुलगा

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. माझ्याकडे आठवीचा वर्ग होता. वर्गात एक मुलगा होता. अभ्यासात मध्यम, बोलायला अबोल, पण खो-खोच्या मैदानावर उतरला की वेगळाच. पाठलाग करणारा अगदी हातभर अंतरावर आला की हा असा काही वळायचा, की समोरच्याचा सूर मातीतच जायचा. चौदा वर्षांखालच्या संघात त्याचं नाव ठरलेलंच होतं.

त्याचे केस मानेपर्यंत आलेले होते. नवस नाही, धर्म नाही, घरात काही दुःखद घटना नाही. त्याला आवडायचे म्हणून वाढवले होते, एवढंच. खेळताना बहिणीचं रबर लावून मागे बांधायचा.

स्पर्धेला चार दिवस उरले असताना पीटीच्या सरांनी त्याला रांगेतून बाहेर काढलं. "केस कापून ये, नाहीतर टीममध्ये नाव नाही." दुसऱ्या दिवशी तो तसाच आला. मग सर स्टाफरूममध्ये माझ्याकडे आले. "मॅडम, तुमच्या वर्गातलं पोरगं आहे, तुम्हीच समजावा. माझं ऐकत नाही."

मी समजावलं. मोठ्या प्रेमाने समजावलं. म्हटलं, "अरे, केस काय, परत वाढतील. पण तालुक्याला खेळायची संधी परत येणार आहे का?" त्याने मला एकच विचारलं, "बाई, केसांमुळे मी आऊट होतो का?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, "नियम आहे बाळा. सगळ्यांना सारखा आहे."

दुसऱ्या दिवशी तो अगदी बारीक केस करून आला. स्पर्धेत खेळला, चांगला खेळला. आमचा संघ उपांत्य फेरीत हरला. त्यानंतर तो सरावाला कधीच आला नाही. नववीत त्याने नाव दिलं नाही, दहावीतही नाही. पालकसभेला त्याची आई भेटली तेव्हा मी विचारलं. ती म्हणाली, "काय सांगू बाई. म्हणतो, मला नाही खेळायचं. का, ते काही सांगत नाही."

मला मात्र कारण माहीत होतं. निदान त्यातलं अर्धं तरी मीच होते.

'सगळ्यांना सारखा' हे खरं होतं का?

त्याच वर्षी पाचवीतल्या एका मुलाचे केस खांद्यापर्यंत होते. तुळजापूरला द्यायचा नवस होता. आई रोज वेणी घालून पाठवायची. तो शंभर मीटरमध्ये धावला. त्याला कुणी हटकलं नाही, आणि ते योग्यच झालं. पण मग नियम सगळ्यांना सारखा कुठे राहिला? नवसाचे केस चालतात आणि आवडीचे चालत नाहीत, असा त्याचा अर्थ झाला.

आणि आमचा मुलींचा संघ? त्यातल्या सगळ्याजणी दोन वेण्या वर दुमडून, लाल रिबिनीने घट्ट बांधून खेळत होत्या. त्यांच्या कर्णधार मुलीनेच मला विचारलं, "बाई, आमच्या वेण्या चालतात, मग त्याचे केस का नाही चालत?" मी म्हटलं, "मुलींचं वेगळं असतं गं." ती म्हणाली, "पण खो-खोचं मैदान तर सारखंच असतं ना?"

तेरा वर्षांच्या मुलीला जे दिसलं, ते वीस वर्षं शिकवणाऱ्या मला दिसलं नव्हतं.

आपली नेहमीची कारणं

आता आपण शिक्षक जी कारणं देतो, ती एकेक करून बघू. मीही हीच देत होते.

पहिलं, सुरक्षितता. हे कारण खरं आहे आणि ते हलक्यात घेऊ नये. केस डोळ्यांवर आले तर खांब दिसत नाही, चेंडू दिसत नाही. कबड्डीत, कुस्तीत झटापट असते, केस ओढले जाऊ शकतात. टोकदार पिन असेल तर दुसऱ्याला लागू शकते. सगळं मान्य. पण या प्रत्येक अडचणीवर उपाय 'बांधणे' हा आहे, आणि तो आपण मुलींच्या बाबतीत रोज वापरतो. कबड्डीच्या नियमांत नखं बारीक कापलेली असावीत, अंगाला तेल लावू नये, असं स्पष्ट आहे, कारण त्याने समोरच्याला इजा होते किंवा पकड सुटते. केसांच्या बाबतीत मात्र बंधन उलट बाजूने आहे : चढाई करणाऱ्याला केस धरून पकडू नये. म्हणजे खेळाने केस ओढणाऱ्याला आवरलं आहे, केस असलेल्याला नाही. जोखीम कुणाकडून आहे हे खेळाला आपल्यापेक्षा नीट कळलंय.

दुसरं, स्वच्छता. उवा होतात, घाम येतो. खरं आहे. पण उवा मुलगा-मुलगी बघून होत नाहीत. केस अस्वच्छ असतील तर 'धुऊन, विंचरून ये' असं सांगावं. स्वच्छतेचा नियम स्वच्छतेबद्दल असावा, लांबीबद्दल नाही.

तिसरं, शिस्त. "आज केस, उद्या आणखी काही. एकदा सैल सोडलं की पोरं डोक्यावर बसतात." हे वाक्य स्टाफरूममध्ये मी शेकडो वेळा ऐकलंय. मला विचाराल तर शिस्त म्हणजे सरावाला वेळेवर येणं, पंचांचा निर्णय मान्य करणं, बाद झाल्यावर तोंड वाकडं न करता बाहेर जाऊन बसणं, हरल्यावर समोरच्याचा हात हातात घेणं. त्या मुलात हे सगळं होतं. आमच्या संघात बारीक केसांची दोन मुलं पंचांशी भांडली होती, त्यांना मात्र कुणी रांगेतून बाहेर काढलं नाही.

चौथं, लोक काय म्हणतील. हे कारण आपण उघड बोलत नाही, पण मुळाशी बहुतेक वेळा हेच असतं. 'पोरगी दिसतोस', 'टपोरी दिसतोस', 'हिरो झालास का?' हे शेरे ज्या मुलाने ऐकले आहेत, त्याला नियमामागचं खरं कारण नीट कळतं. आणि आपल्या शाळेत 'पोरगी दिसणं' ही शिवी आहे, हे शेजारच्या रांगेतल्या मुलींनाही कळतं.

मैदानाचा इतिहास काय सांगतो?

ब्यॉन बोर्गने १९७६ ते १९८० अशी सलग पाच वर्षं विम्बल्डन जिंकलं, खांद्यावर रुळणारे केस आणि कपाळाला पट्टी बांधून. आपला सचिन लहानपणी टेनिसपटू जॉन मॅकेन्रोचा इतका चाहता होता, की त्याच्यासारखे कुरळे केस वाढवून कपाळाला पट्टी लावून फिरायचा. २००६ साली लाहोरमध्ये परवेझ मुशर्रफ यांनी भर मैदानात धोनीला केस कापू नकोस म्हणून सांगितलं, तो प्रसंग तर तुमच्यापैकी अनेकांनी टीव्हीवर पाहिला असेल. हॉकीत १९४८, १९५२ आणि १९५६ अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवणारे बलबीरसिंग हे केस राखून, डोक्याला बांधून खेळले. शीख खेळाडूंचं आपल्याला काही विशेष वाटत नाही. पण म्हणजे केस बांधून जगातला सर्वोत्तम खेळ खेळता येतो, हे आपण कधीच मान्य केलेलं आहे.

आणि नीरज चोप्रा. त्याची गोष्ट मी वर्गात मुद्दाम सांगते. त्याचे केस लांब होते, त्याला ते आवडायचे. पण घाम येतो, पट्टी लावूनही केस डोळ्यांवर येतात, असं त्याच्या लक्षात आलं आणि टोकियोच्या आधी त्याने ते कापून टाकले. ७ ऑगस्ट २०२१ ला ८७.५८ मीटर भाला फेकून सुवर्ण जिंकलं. पुढे केस पुन्हा वाढवले, पट्टी बांधून खेळला. यावर काही सहकारी म्हणतात, "बघा, कापलेच ना शेवटी?" हो, कापले. पण कुणी? त्याने स्वतः, आपल्या खेळाचा विचार करून. खेळाडू म्हणून वाढणं म्हणजे हेच की. माझ्या मुलाला तो विचार करायची संधीच आम्ही दिली नाही.

उलट बाजूची उदाहरणंही बघण्यासारखी आहेत. १९९८ च्या फुटबॉल विश्वचषकाआधी अर्जेंटिनाचे प्रशिक्षक डॅनियल पासारेला यांनी खेळाडूंनी केस कापावेत असा आग्रह धरला. फर्नांडो रेडोंडो हा त्या काळचा अव्वल मध्यरक्षक. त्याने नकार दिला आणि तो विश्वचषक खेळला नाही. अर्जेंटिना उपांत्यपूर्व फेरीत नेदरलँड्सकडून हरली. तो असता तर जिंकले असते असं मी म्हणत नाही. पण गंमत अशी की हेच पासारेला १९७८ च्या विश्वविजेत्या संघाचे कर्णधार होते, आणि त्या स्पर्धेत सर्वाधिक सहा गोल करणाऱ्या मारिओ केम्पेसचे केस चांगले लांब होते!

जपानचं उदाहरण तर थेट शाळेचं आहे. तिथे शालेय बेसबॉल म्हणजे आपल्याकडच्या क्रिकेटसारखं वेड. मुलांनी डोक्याचा जवळजवळ गोटा करायचा अशी पिढ्यान्‌पिढ्यांची प्रथा. नियमपुस्तकात हे नव्हतं, केवळ रीत होती. पण २०१८ पर्यंत तीन चतुर्थांशांहून अधिक शाळांचे संघ ती पाळत होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कोशिएनची उन्हाळी स्पर्धा केइओ हायस्कूलने जिंकली, १९१६ नंतर पहिल्यांदाच, म्हणजे तब्बल १०७ वर्षांनी. या संघातल्या मुलांना केसांची सक्ती नव्हती. ती मुलं केस वाऱ्यावर उडवत धावली आणि जिंकली. त्या सुमाराला गोटा करणाऱ्या संघांचं प्रमाण साधारण चौथ्या हिश्श्यावर आलं होतं. जपानची शिस्त यामुळे बुडाली असं काही ऐकिवात नाही.

आणि अमेरिकेतला एक प्रसंग, जो वाचून मला माझा तो दिवस आठवला. डिसेंबर २०१८, न्यू जर्सी राज्य, शालेय कुस्तीचा सामना. एका कृष्णवर्णीय मुलाचे केस जटांसारखे वळलेले होते. पंचांनी सांगितलं : आत्ताच्या आत्ता केस काप, नाहीतर सामना गमाव. मॅटच्या कडेला सगळ्यांसमोर कात्रीने त्याचे केस कापले गेले. मुलाने संघासाठी ते करू दिलं आणि कुस्ती जिंकलीही. पण जिंकल्यावर पंचांनी त्याचा हात उंचावला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता. ती चित्रफीत जगभर गेली. पुढे त्या पंचांवर दोन हंगामांची बंदी आली. बरोबर एक वर्षाने, १९ डिसेंबर २०१९ ला, त्या राज्याने केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करण्यास मनाई करणारा कायदा केला. आणि २०२१ च्या हंगामापासून तिथल्या शालेय कुस्तीच्या नियमांतून केसांच्या लांबीची मर्यादाच गेली. कुस्तीसारख्या अंगाला अंग भिडणाऱ्या खेळात हे होऊ शकतं, तर आपल्या खो-खोत का नाही?

कायद्याचंही थोडं

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९, आपण सगळे प्रशिक्षणात ऐकतो. त्याच्या कलम १७ मध्ये बालकाला शारीरिक शिक्षा देण्यास आणि मानसिक त्रास देण्यास स्पष्ट मनाई आहे. परिपाठाला सगळ्या शाळेसमोर उभं करून मुलाच्या डोक्यावर कात्री चालवणं, कपाळावर मुद्दाम वेडीवाकडी पट्टी कापणं, 'पोरगी' म्हणून हसवणं, याला दुसरं काय म्हणायचं? "आमच्या वेळी असंच होतं" हे उत्तर कायद्यापुढे टिकत नाही. आणि खरं सांगायचं तर आपल्या मनापुढेही टिकत नाही.

पीटीच्या सरांची बाजू

हे सगळं लिहिताना मला आमच्या सरांवर खापर फोडायचं नाही. ते माणूस म्हणून चांगले. पहाटे साडेपाचला मैदान आखायला हजर. तालमीत वाढलेले, तिथे वस्तादांनी जे शिकवलं ते त्यांनी मनापासून पुढे दिलं. संघ हरला की मुख्याध्यापकांचं बोलणं त्यांनाच खावं लागतं, आणि मुलं 'वाया गेली' की गाव त्यांनाच बोलतं. काही पालक तर स्वतः येऊन सांगतात, "सर, तुम्हीच कापा त्याचे केस, घरी आमचं ऐकत नाही." घरात जे भांडण सुटत नाही ते शाळेच्या गळ्यात घालायचं, आणि शाळेने ते मैदानावर नेऊन सोडवायचं. यात खेळाचा बळी जातो.

दोन वर्षांनी मी सरांशी या विषयावर बोलले. घाबरतच बोलले. ते थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "मॅडम, तसा पळणारा पोरगा मला परत मिळाला नाही." आम्ही दोघांनी बसून क्रीडा विभागाचा नियम नव्याने लिहिला. तो असा :

१) सराव आणि सामन्याच्या वेळी केस डोळ्यांवर येणार नाहीत असे बांधलेले असावेत. मुलगा असो वा मुलगी.

२) बांधण्यासाठी कापडी रबर, पट्टी किंवा रुमाल वापरावा. धातूच्या, टोकदार पिना चालणार नाहीत.

३) केस स्वच्छ, विंचरलेले असावेत.

४) एखाद्या स्पर्धेच्या नियमावलीत वेगळी अट असेल तर ती किमान पंधरा दिवस आधी, लेखी, मुलाला आणि पालकांना दाखवावी. निर्णय त्यांनी घ्यावा.

५) केसांवरून कुणालाही संघातून काढलं जाणार नाही आणि कुणीही मुलाच्या केसांना कात्री लावणार नाही.

पाच ओळी. मुख्याध्यापकांनी सही केली. पहिल्या वर्षी आठ-दहा मुलांनी केस वाढवले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी उकाड्याला कंटाळून दिवाळीआधीच कापले. शाळा होती तशीच आहे. सरांच्या कपाटात आता शिट्टी, चुन्याची पिशवी आणि कापडी रबरांचा एक डबा असतो. कुणी विसरलं तर सर त्यातलं काढून देतात. एक वाद संपायला दहा-वीस रुपयांची रबरं पुरली.

पालकांना दोन शब्द

तुमच्या मुलाचे केस तुम्हाला आवडत नसतील तर जरूर बोला. घरात वाद घाला, पटवा, हरा, जिंका. तो तुमचा अधिकार आहे आणि त्याचाही. पण शाळेला कात्री हातात घ्यायला सांगू नका. आणि शाळेने असं काही केलं तर मुलाला "जाऊ दे, केसच तर आहेत" असं पटकन म्हणू नका. आधी त्याला विचारा, काय झालं, कोण काय बोललं. तेरा-चौदाचं वय म्हणजे स्वतःकडे आरशात नीट बघायला सुरुवात करण्याचं वय. त्या वयात स्वतःचं म्हणता येईल असं फार थोडं असतं त्यांच्याकडे. दप्तर आपण निवडतो, वेळापत्रक आपण ठरवतो, शाखा कोणती घ्यायची तेही बऱ्याचदा आपणच ठरवतो.

आज मुलं मैदानावर येत नाहीत, मोबाईल सोडत नाहीत, म्हणून आपण सभांमध्ये काळजी व्यक्त करतो. आणि जे मूल आपणहून, धावत मैदानावर येतं, त्याला केसांवरून परत पाठवतो. हे गणित मला तरी सुटत नाही.

तो मुलगा आता मोठा झाला आहे. मागच्या वर्षी बाजारात भेटला, पाया पडला. केस मानेपर्यंत होते. मी म्हटलं, "खेळतोस का रे अजून?" हसून म्हणाला, "नाही बाई, आता कुठे." मला त्याची माफी मागायची होती. भर बाजारात शब्द फुटले नाहीत. म्हणून आज इथे मागते.

तुमच्या शाळेच्या यादीत ही ओळ असेल तर येत्या स्टाफ मीटिंगमध्ये एकदा मोठ्याने वाचा, आणि एकच प्रश्न विचारा : ही ओळ कुठल्या खेळासाठी लिहिली आहे? उत्तर सापडलं तर नियम तसाच ठेवा. नाही सापडलं, तर रबरांचा एक डबा विकत आणा.